दोन कोरे कागद: फॅक्सवाल्या प्रिंटरच्या निवडीचं एक प्रकरण

जानेवारीत आत्याचं पेन्शन आलं नाही. फेब्रुवारीतही नाही. बँकेत खेटे झाले, केवायसीचे कागद पुन्हा देऊन झाले. मार्चमध्ये धाकट्या आतेभावाने डोंबिवलीहून थेट युरोपातल्या पेन्शन कार्यालयात फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. तिथल्या बाईंनी फाइल काढून सांगितलं, की तुमच्या आईचा फॅक्स नोव्हेंबरात आलेला आहे, दोन पानं आहेत आणि दोन्ही कोरी आहेत.

आतोबा सव्वीस वर्षं परदेशी बोटींच्या इंजिनखात्यात होते. ते गेल्यापासून त्यांच्या पेन्शनचा काही भाग आत्याला मिळतो आणि त्यासाठी दरवर्षी ३० नोव्हेंबरच्या आत हयातीचा दाखला पाठवावा लागतो. शेजारच्या निवृत्त मास्तरांचं हे काम घरबसल्या होतं. केंद्र सरकारची ‘जीवन प्रमाण’ सेवा २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, आणि आता मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला की त्यांचा दाखला जमा होतो. परदेशी कार्यालयाला ही सोय लागू नाही. त्यांचा छापील फॉर्म टपालाने येतो. तो भरायचा, नोटरीसमोर सही करायची, शिक्का घ्यायचा आणि टपालाने किंवा फॅक्सने परत पाठवायचा. ईमेल चालत नाही. एका वर्षी टपालाला सात आठवडे लागले, तेव्हापासून आत्या फॅक्सवर विसंबून होती. एका दुकानात जुनं फॅक्स मशीन होतं, तिथून फॉर्म पाठवला, मशीनमधून ‘ओके’ छापलेली पट्टी बाहेर आली. ती पट्टी तिने देवघरातल्या डब्यात जपून ठेवली होती.

मी ती पाहिली. तारीख बरोबर, नंबर बरोबर, पानं दोन, निकाल ओके. पट्टीत काहीच खोटं नव्हतं. फॅक्समधल्या ‘ओके’चा अर्थ एवढाच, की समोरच्या यंत्राने पानं स्वीकारली. पानांवर काय होतं, ते त्याला कळत नाही. बऱ्याच जुन्या फॅक्स मशीनमध्ये कागद लिहिलेली बाजू खाली करून घालायचा असतो. इथे तो वर करून घातला गेला असणार. फॉर्म एकाच बाजूला छापलेला, त्यामुळे पाठची कोरी बाजू युरोपात पोचली, आणि दोन्ही पानांची तीच गत झाली.

“कोऱ्या कागदार माझी सही खय दिसतली?” आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, “झिला, माका घरातच एक मशीन बघ. कागद हयसून सुटलो काय थय पोचाक व्हयो.”

कुडाळात सतरा वर्षं कॉम्प्युटर आणि प्रिंटर विकण्या-दुरुस्त करण्याचं काम करतो, त्यामुळे असं मशीन बघणं माझ्यासाठी रोजचंच. पण चुकीचं यंत्र गेलं तर पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा हीच वेळ येणार होती. म्हणून हे एक प्रकरण मी दुकानातल्या नेहमीच्या घाईने न करता दोन महिने घेऊन केलं.

घरातलं काम किती आणि कसलं

घर मालवण तालुक्यात, कालावलच्या खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. थोरला आतेभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी पर्यटकांना तीन खोल्या देतात, मे महिन्यात आंब्याच्या पेट्याही जातात. ओटीवरच्या खोलीत डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे, तो वहिनी चालवतात. आधीचा साधा प्रिंटर दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता, तेव्हापासून प्रत्येक झेरॉक्ससाठी तिठ्यावर जावं लागायचं.

गिऱ्हाइकाला महिन्याला किती पानं लागतात असं विचारलं तर नेहमी अंदाज मिळतो, आणि तो अंदाज जवळजवळ नेहमी चुकतो. म्हणून वहिनींना एक वही दिली आणि महिनाभर लिहायला सांगितलं: आज घरात प्रिंटर असता तर काय काढलं असतं? एप्रिलचा हिशेब आला तो असा. छापायची पानं ६४, त्यातली रंगीत ११, बहुतेक मुलीच्या शाळेच्या प्रकल्पाची. झेरॉक्स ४१, जवळजवळ सगळ्या पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या. स्कॅन ९, सातबारा आणि घरपट्टीचे कागद. फॅक्स शून्य.

हा शून्य महत्त्वाचा होता. वर्षाला जेमतेम दोन-चार पानांचा फॅक्स, आणि तो नसता तर शंभरेक पानं छापण्याचं काम स्वस्तातल्या कुठल्याही यंत्राने केलं असतं. फॅक्स असलेल्या आणि नसलेल्या सारख्याच यंत्रांच्या किमतीत पाच हजारांच्या आसपास फरक पडत होता. माझं पहिलं मत सरळ फॅक्सच्या विरोधात होतं. धाकट्या आतेभावाचंही तेच. तो म्हणाला, इंटरनेटवरून फॅक्स पाठवणाऱ्या सेवा आहेत, फॉर्म स्कॅन करून मला पाठवा, मी इथून पाठवतो.

मत बदललं ते फॉर्म नीट वाचल्यावर. त्यावर पाठवणाऱ्याचा फॅक्स नंबर लिहायची चौकट होती, आणि काही उणं राहिलं तर कार्यालय त्याच नंबरावर उलट फॅक्स करतं असं खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं. म्हणजे पाठवण्याइतकंच घेणंही आलं. इंटरनेट सेवेचा नंबर परदेशातला, दरमहा भाडं भरलं तरच टिकणारा. एखाद्या वर्षी भाडं चुकलं आणि नंबर गेला, तर त्यावर आलेलं पत्र कोणाच्या हाती पडणार? ती सोय मी बाद केली नाही, पण दुसऱ्या क्रमांकावर ठेवली. आणखी एक कारण होतं, ते कुठल्याही तक्त्यात बसत नाही. पासष्टीच्या बाईला आपल्या जिवंत असण्याचा कागद स्वतःच्या डोळ्यांदेखत जाताना पाहायचा होता. ही मागणी मला रास्त वाटली आणि अजूनही वाटते.

आधी तार, मग यंत्र

फॅक्स घेणारे लोक यंत्र आधी निवडतात आणि फोनची तार नंतर बघतात. हा क्रम उलटा आहे. आजच्या ऑल-इन-वनमधला, म्हणजे छपाई, स्कॅन, झेरॉक्स एकत्र करणाऱ्या यंत्रातला फॅक्स १९८० साली ठरलेल्या ग्रुप-३ मानकावरच चालतो. बहुतेक यंत्रांमधला फॅक्सचा भाग साधारण सारखाच असतो. वेग जास्तीत जास्त सेकंदाला ३३,६०० बिट. कागद पोचतो की नाही ते पाठीमागच्या फोनच्या लाइनवर ठरतं.

आत्याच्या घरी पूर्वी तांब्याच्या तारेचा लँडलाइन होता. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, माड पडले, खांब पडले आणि ती तार पुन्हा उभी राहिली नाही. नंतर गावात फायबर आलं. आता भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात इंटरनेट येतं आणि त्याच डब्याच्या मागच्या छोट्या जॅकमधून फोन चालतो. आत्याला वाटतं फोन तोच आहे, कारण वाजतो तसाच. आतून मात्र सगळं बदललेलं आहे.

फॅक्स मशीन कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या रेषांचे आवाज करून पाठवतं. उचलल्यावर ऐकू येणारी ती किरकिर म्हणजे कागदच. तांब्याच्या तारेवर तो आवाज सलग जायचा. फायबरवर आवाजाचे तुकडे होतात आणि ते पाकिटांसारखे एकामागून एक सुटतात. एखादं पाकीट हरवलं तर माणसाच्या कानाला कळतही नाही, आपण वाक्य पुरं करून घेतो. फॅक्सला असं पुरं करून घेता येत नाही; त्याच्यासाठी तिथे कागदाचा तुकडाच नसतो. त्यात काही जोडण्या आवाज दाबून पाठवतात. जी.७११ या पद्धतीत सेकंदाला ६४ हजार बिट जातात आणि फॅक्सचा आवाज बराचसा अखंड राहतो. जी.७२९ मध्ये फक्त ८ हजार. ती माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली आहे, तिच्यातून फॅक्स गेला तर नशीब म्हणायचं. टी.३८ नावाची खास फॅक्ससाठीची पद्धत आहे, पण ती दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या वाटेवर चालू असावी लागते, आणि घरगुती जोडणीत तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून नवं यंत्र घेण्याआधी माझ्या दुकानाच्या माळ्यावरचं जुनं थर्मल रोलचं फॅक्स मशीन झाडून आत्याकडे नेलं आणि डब्याच्या जॅकला जोडलं. ओरोसला एका वकील मित्राच्या कचेरीत तांब्याच्या लाइनवर फॅक्स अजून चालू आहे, तो दुसऱ्या टोकाला. फॉर्मच्या झेरॉक्स प्रती पाठवायच्या आणि त्याने काय आलं ते फोनवर सांगायचं, एवढाच खेळ.

पहिल्या संध्याकाळी पहिलं पान गेलं, दुसरं एक तृतीयांशावर तुटलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तुटलं. मग वेग १४,४०० वरून ९,६०० वर आणला. चारांतली तीन पानं पोचली. चौथ्यात मधल्या दोन रेषा पसरल्या होत्या आणि त्या नेमक्या सहीवरून गेल्या होत्या. वकील म्हणाला, मला चालेल, पण पेन्शनवाल्याला नाही चालायचं.

फायबरवर फॅक्स करताना चूक सुधारण्याची सोय, म्हणजे ईसीएम, बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामागे कारण आहे. ती चालू असली की यंत्र बिघडलेला तुकडा पुन्हा पुन्हा मागतं आणि लाइन वाईट असेल तर शेवटी कंटाळून तोडून टाकतं. बंद केली तर पान जातं, पण डाग घेऊन जातं. मला इथे हा सल्ला पटला नाही. पाहुण्यांचं बिल असतं तर मी ती बंद केली असती. हयातीच्या दाखल्यावर सही तुटलेली पोचण्यापेक्षा फॅक्स अजिबात न गेलेला बरा, कारण न गेल्याचं निदान लगेच कळतं. ईसीएम चालू, वेग कमी, हे मी पक्कं केलं.

मग फायबरवाल्या स्थानिक मुलाला बोलावलं. डब्यातली फोनची मांडणी आपल्याला उघडता येत नाही, ती त्यांच्याकडून कुलूपबंद असते. त्याने आपल्या वरिष्ठांशी बोलून कोडेकच्या, म्हणजे आवाज पाठवायच्या पद्धतींच्या यादीत जी.७११ पहिल्या क्रमांकावर आणून दिलं. अर्ध्या तासाचं काम, पण मागितल्याशिवाय कोणी करत नाही. त्यानंतर दोन दिवसांत ओरोसला दहा पानं पाठवली, दहाही स्वच्छ. शेवटी परदेशी फोनची सोय अर्ज करून सुरू करून घेतली आणि खऱ्या नंबरावर एक पान पाठवलं: ही चाचणी आहे, वाचता आलं तर कृपया कळवा. नऊ दिवसांनी आतेभावाच्या ईमेलवर उत्तर आलं की पान वाचता येतं. यंत्राच्या दुकानात पाऊल टाकायचं ते इथून पुढे.

कोणतं यंत्र

तीन जाती समोर होत्या: लेझर, कार्ट्रिजचा इंकजेट आणि शाईच्या टाकीचा इंकजेट.

लेझर माझ्या मनात पहिला होता. वर्षभर पडून राहिला तरी टोनर वाळत नाही, छापलेल्यावर पाणी सांडलं तरी अक्षर हलत नाही, आणि फॅक्सवाले लेझर मिळतात. कोकणात त्याच्या विरोधात दोन गोष्टी जातात. एक म्हणजे वीज. लेझरमध्ये टोनर कागदावर वितळवायला दोनशे अंशांच्या आसपास तापणारा रूळ असतो आणि तो तापताना क्षणभर हजार वॅटच्या घरात वीज ओढतो. मी दुकानातला एक लेझर नेऊन आत्याच्या घरच्या इन्व्हर्टरवर लावून पाहिला. पान निघायच्या आधीच इन्व्हर्टरने शिटी मारली आणि दिवे मंदावले. पावसाळ्यात दिवस दिवस वीज नसते अशा घरात हा उपयोगाचा नाही. इंकजेट छापताना वीस-तीस वॅटच्या वर क्वचितच जातो. दुसरी गोष्ट कागदाची. दमट कागद त्या तापलेल्या रुळातून जाताना वळतो आणि अडकतो. शिवाय मुलीची रंगीत पानं राहिलीच.

कार्ट्रिजवाल्यावर फार वेळ घालवला नाही. यंत्र स्वस्त पडतं, पण लोकप्रिय कार्ट्रिजची घोषित क्षमताच काळ्यासाठी ४८० आणि रंगीतसाठी १५० पानांची असते. रंगीत पान पाच-सहा रुपयांच्या खाली उतरत नाही. त्यात महिनाभर वापर नसला तर कार्ट्रिज वाळतं आणि न वापरलेल्या शाईचेही पैसे जातात.

राहिली टाकी. फॅक्स आणि वाचायचा कागद वरून आपोआप ओढून घेणारा ट्रे असे दोन्ही असलेले नमुने पाहिले, त्यात एप्सनचा एल ५२९० आणि कॅननचा जी ४०१० हे मुख्य. दोन्ही छापतात, स्कॅन करतात, झेरॉक्स काढतात, वायफायवर चालतात. एप्सनचा ट्रे ३० पानांचा, कॅननचा २० पानांचा. आपल्या दोन पानांच्या फॉर्मला दोन्ही भरपूर. माझ्या दृष्टीने निर्णय काळ्या शाईवर आला. टाकीच्या प्रिंटरांत कुठे चारही शाई डाय जातीच्या असतात, कुठे काळी पिग्मेंटची असते. डाय शाई कागदात मुरते, पाणी लागलं की पसरते. पिग्मेंटचे कण कागदावर बसतात. फोटोसाठी डाय छान दिसते. पण इथे पाहुण्यांची पावती ओल्या हातांनी घेतली जाते, नाहीतर होडीत खिशातून भिजून येते. मी दोन्ही प्रकारांत एकच ओळ छापली, दहा मिनिटं थांबलो आणि ओला अंगठा फिरवला. एकीवर निळसर ओघळ आला, दुसरीवर अक्षर जागच्या जागी राहिलं. वहिनींनी ते पाहिलं आणि विषय संपला. जी ४०१० मध्ये काळी शाई पिग्मेंटची आहे, १३५ मिलीच्या बाटलीची घोषित क्षमता ६,००० पानं. पहिल्या बाटलीतली बरीच शाई नळ्या भरण्यात जाते आणि प्रत्यक्ष वापरात पुढेही आकडा खाली येतो. तो निम्मा धरला तरी या घराला अडीच वर्षं बघायला नको.

कागद ओढून घेणाऱ्या ट्रेबद्दल दादाचं म्हणणं होतं की काच आहे ना, मग तो कशाला. वर्षाला दोन पानांच्या फॅक्ससाठी तो खरंच अनावश्यक वाटतो. पण काचेवर पान बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात परदेशी कॉल मधेच तुटू शकतो. ट्रेमध्ये दोन्ही पानं आधी वाचली जातात, यंत्र ती लक्षात ठेवतं आणि मगच फोन लावतं. ते मला हवं होतं.

मांडणी

यंत्र जूनच्या आधी घरी गेलं. फोनच्या डब्यातून एक वायर यंत्राच्या लाइन जॅकमध्ये, आणि यंत्राच्या दुसऱ्या जॅकमधून आत्याच्या टेलिफोनला. उलट जोडली तर फोन चालतो आणि फॅक्स जात नाही, ही चूक मी इतरांकडे बऱ्याच वेळा दुरुस्त केलेली आहे. फॅक्स घेण्याची पद्धत हाताने घेण्यावर ठेवली. आपोआप ठेवली असती तर खोल्यांसाठी फोन करणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या कानात यंत्राची किंचाळी गेली असती. आता फोन आत्या उचलते, किरकिर ऐकू आली तर यंत्राचं एक बटण दाबते. तिला ते बटण ओळखता यावं म्हणून वहिनींनी त्यावर कुंकवाच्या रंगाची टिकली चिकटवली.

वेग ९,६००, ईसीएम चालू, प्रत्येक फॅक्सनंतर अहवाल छापायचा, स्पष्टता ‘फाइन’. साध्या स्पष्टतेत उभ्या इंचात ९८ रेषा मावतात, फाइनमध्ये १९६. नोटरीच्या शिक्क्यातली बारीक अक्षरं पहिल्यात भरून जातात. शिक्क्याचा आणखी एक प्रश्न होता. फॅक्सला फक्त काळं आणि पांढरं कळतं, आणि आपल्याकडचे शिक्के जांभळे. फिक्या जांभळ्याला यंत्र पांढरं ठरवू शकतं. यावर उपाय ऑल-इन-वनमध्येच निघाला. मूळ फॉर्मची आधी गडद झेरॉक्स काढायची आणि फॅक्स त्या झेरॉक्सचा करायचा.

या एका सवयीने कोऱ्या कागदाचाही प्रश्न सुटला. झेरॉक्स काढताना कागद वरच्या ट्रेमधूनच घालायचा, फॅक्सला घालतो तसाच. या यंत्रात लिहिलेली बाजू वर राहते. बाजू चुकली तर झेरॉक्स कोरी येते आणि चूक घरातच कळते, युरोपात जाऊन नाही. वहिनींनी हे ऐकलं आणि स्वतःहून ट्रेच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं: ‘आधी झेरॉक्स बघा’.

पावसाळा

जूनमध्ये वीज कडाडायला लागली की या भागात सगळ्या घरांत एकच काम होतं, सगळे प्लग उपटायचे. तांब्याच्या तारेच्या काळात ते फॅक्ससाठी अत्यावश्यक होतं, कारण विजेचा झटका फोनच्या तारेतूनच आत यायचा आणि फॅक्सचा भाग जळायचा. अशी कितीतरी यंत्रं माझ्या टेबलावर आली आहेत. फायबर काचेचं, त्यातून झटका येत नाही. पण विजेच्या प्लगमधून येतोच, त्यामुळे उपटायला हवंच. फक्त आधी यंत्राचं बटण दाबून ते बंद होऊ द्यायचं. मगच छापणारा हेड आपल्या झाकणावर जाऊन बसतो. थेट प्लग ओढला तर तो उघडा राहतो आणि शाई सुकते.

प्लग उपटल्याने दुसरी एक गोष्ट झाली, ती मला आधी सुचायला हवी होती. ऑगस्टमध्ये वहिनींनी ओरोसला एक चाचणी पान पाठवलं. वकिलाने सांगितलं, पान छान आहे पण वरच्या ओळीतली तारीख भलतीच आहे. या यंत्राचा प्लग काढला की घड्याळ पुसलं जातं, आणि आतल्या स्मृतीत एखादा आलेला फॅक्स न छापता राहिला असेल तर तोही जातो. फॅक्सच्या प्रत्येक पानावर पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ छापली जाते. ३० नोव्हेंबरची मुदत असलेल्या कागदावर चुकीची तारीख गेली असती, तर पुन्हा पत्रव्यवहार सुरू झाला असता. ट्रेशेजारच्या चिठ्ठीवर दुसरी ओळ आली: ‘तारीख बघा’.

कागदाचं म्हणाल तर रीम उघडी ठेवायचीच नाही. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आणि यंत्रात एका वेळी वीसच पानं. तरीही जुलैत दोनदा कागद एकाला एक चिकटून आत गेले. आठवड्याला एक रंगीत पान काढायचं ठरवलं होतं, त्यामुळे हेडची तक्रार आली नाही. मुलगी दर रविवारी एक चित्र छापते. आणि सप्टेंबरात वहिनींचा फोन आला की फोनची वायर आत बसत नाहीये. जाऊन पाहिलं तर दुसऱ्या जॅकमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. गवताच्या काडीने हळूहळू ते काढलं, संपर्काच्या तारा वाकणार नाहीत असं. त्या जॅकला आता कापडाची गुंडाळी असते आणि यंत्रावर आत्याच्या जुन्या लुगड्याचं आच्छादन.

नोव्हेंबर

फॉर्म ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. आत्याने काळ्या पेनाने भरला, मालवणला जाऊन नोटरी केली. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. मध्य युरोपाशी आपला फरक मग साडेतीन तासांचा साडेचार होतो, म्हणजे तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी दुपारी दोनला बसलो. मी मुद्दाम बाजूला उभा राहिलो, कारण पुढच्या वर्षी मी असेनच असं नाही.

वहिनींनी तारीख पाहिली, झेरॉक्स काढली, शिक्का वाचता येतो का ते खिडकीशी जाऊन पाहिलं आणि झेरॉक्सच्या दोन प्रती ट्रेमध्ये घातल्या. यंत्राने पानं ओढून घेतली आणि नंबर फिरवला. पहिल्यांदा नंबर व्यग्र. काही मिनिटांनी यंत्राने आपणच पुन्हा लावला. मग ती किरकिर आली आणि आत्या खुर्ची ओढून यंत्रासमोर येऊन बसली. फाइन स्पष्टता आणि कमी वेग, त्यामुळे दोन पानांना पाच मिनिटांच्या आसपास लागली. तेवढा वेळ कोणी बोललं नाही.

“गेलो काय गो?” अहवालाचं पान बाहेर येताना तिने वहिनींना विचारलं. वहिनींनी ते पान तिच्या हातात दिलं. पानं २, निकाल ओके. आत्याने ते बाजूला ठेवलं आणि ट्रेमधून बाहेर आलेल्या प्रती उचलल्या, उलटून दोन्ही बाजू पाहिल्या, आणि आपली सही कुठल्या बाजूला आहे ते बोट ठेवून मला दाखवलं. त्याच दिवशी मूळ फॉर्म नोंदणी टपालानेही सोडला आणि स्कॅन आतेभावाकडे गेला, इंटरनेटवाल्या फॅक्सची वेळ आलीच तर असावा म्हणून.

ती वेळ आली नाही. बारा दिवसांनी दुपारी फोन वाजला, आत्याने उचलला, किरकिर ऐकली आणि टिकलीचं बटण दाबलं. कार्यालयाची पोच होती, एका पानाची, वर आत्याचं नाव आणि पुढच्या डिसेंबरपर्यंतची मुदत. ते पान आता देवघरातल्या डब्यात आहे, जुन्या ‘ओके’च्या पट्टीच्या वर. थर्मल कागदाची ती पट्टी तोवर इतकी फिकी पडली होती, की तिच्यावरची तारीख आता लागत नाही.